दाढीचं सामान

माझ्या घरात ताटं वेगळी झाली तेव्हा मी घरात नव्हते. असते तर होऊ दिलं असतं होय?

मी बदलापूरच्या पुढे माहेरच्या गावाला गेले होते. चुलतभाऊ वारला होता, त्याचं पुण्यानुमोदन होतं. माणूस गेल्यावर आमच्या बौद्ध लोकांत तो विधी करतात. मुक्काम करून दुपारची अंबरनाथला परत आले, पिशवी ठेवली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर दारामागं केरसुणीच्या शेजारी एक ताट, एक वाटी आणि एक पेला पालथा घातलेला. ओळखू यावं म्हणून पेल्याला लाल दोरा बांधलेला.

"हे कुणाचं गं?" मी सुनेला विचारलं.

अंजनी पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "हिरामण भाऊजींचं. कावीळ उष्ट्यातून पसरते म्हणतात, आत्याबाई. ह्यांनीच सांगितलं वेगळं ठेवायला."

हे म्हणजे माझा थोरला, दिनानाथ. शहाडला कारखान्यात क्लार्क आहे. हिरामण धाकटा, लग्नाचा, आनंदनगरच्या एमआयडीसीत कामाला होता आणि आता आजारी म्हणून घरी. ह्या दोन पोरांवरच मी जगते. नवरा सहा वर्षांमागं गेला.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! ज्या गावावरून मी आत्ता आले होते ना, त्याच गावात लहानपणी माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. पाटलाची बाई ओट्यावर, माझी आई खाली वाकलेली. मी तिच्या लुगड्याला धरून उभी असायची. छप्पन साली माझ्या बापानं दीक्षा घेतली आणि घरी येऊन म्हणाला, आजपासून आपल्यातला कोणी ओंजळ पुढं करणार नाही. आणि आता माझ्याच घरात, माझ्याच पोराच्या पेल्याला दोरा!

दोरा दातानं तोडला. ताट, वाटी, पेला घासून घेतलं आणि मांडणीवर सगळ्यांच्या भांड्यांत नेऊन आदळलं. आवाज एवढा झाला की शेजारची बनूबाई दारात आली.

"काय पडलं गं भिमाबाई?"

"काही नाही. भांडी लावतेय."

बाहेरच्या खोलीत हिरामण खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "आई, राहू दे ना. मीच म्हटलं वहिनीला, ठेव वेगळं." खोटं बोलत होता. भावाला सांभाळून घ्यायची त्याची जुनी खोड.

आता त्याचा आजार सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी भांड्यांवरून एवढी का पेटली.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर त्याला ताप आला तो उतरेचना. हिरड्यांतून रक्त, मांडीवर काळेनिळे डाग. इथल्या डॉक्टरनं परळच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. तिथली डॉक्टरीणबाई तरुण, पण बोलायची शाळेतल्या बाईसारखी, एकेक गोष्ट परत म्हणून घ्यायची. इंजेक्शनं सुरू झाली. पोराचे केस गेले, भुवया गेल्या, दाढी गेली. अंगात रक्त टिकेना म्हणून बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. कुणाकुणाचं रक्त होतं मला ठाऊक नाही, पण देणाऱ्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आजार दबला. मग डॉक्टरीणबाईंनी घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "भिमाबाई, आजार गेला असं समजू नका. तो लपून बसलाय. ह्या गोळ्या दोन वर्षं घ्यायच्या. सोडल्या तर तो परत उठेल. काय सांगितलं मी?"

"सोडल्या तर परत उठेल," मी म्हटलं.

झालं. रोज सकाळी गोळी आणि पाणी घेऊन मी त्याच्यापुढं उभी. गोळी घशाखाली उतरलेली दिसेपर्यंत हलायची नाही. हिरामण म्हणायचा, "आई, पोलिसात का नाही गेलीस?"

वर्षभर सगळं बरं चाललं. डोक्यावर केस आले, गालावर दाढी आली. ते पोर आरशापुढून हलायचं नाही! बारीक बारीक खुंट आल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी तरी पाहिला नाही. आमच्या घरात दाढीचं मोठं प्रस्थ. माझ्या नवऱ्याचा, दौलतरावांचा, नियमच होता, ह्या घरातला पुरुष दाढी वाढवून दारात उभा राहणार नाही. बाबासाहेबांचा फोटो बघा म्हणायचे, कसा चेहरा, कसा कोट. आपल्याला कुणी गबाळं म्हणता कामा नये. पहिल्या पगारात त्यांनी पितळी रेझर घेतला होता. ते गेले तरी तो रेझर आरशाखालच्या फळीवर तसाच, आणि दोन्ही पोरं रोज त्यानंच दाढी करायची. मलाही बरं वाटायचं. वाटायचं, बापाचा हात अजून पोरांच्या गालावरून फिरतोय.

तर पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात हिरामणचे डोळे पिवळे झाले. तोंडाची चव गेली, अंगात त्राण नाही. परळला रक्त तपासलं, नवीनच कसली टेस्ट केली आणि डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं.

"ह्याला हिपॅटायटिस सी म्हणतात," त्या म्हणाल्या. "लिव्हरचा आजार आहे, रक्तातून येतो, खाण्यापिण्यातून नाही. हिरामणला रक्त चढवलं तेव्हा सगळीकडे ही तपासणी होत नव्हती. टेस्टच नवी आहे."

"म्हणजे ज्या रक्तानं वाचवला, त्यानंच दिला?"

"बहुतेक." त्यांनी खोटा धीर दिला नाही, ते मला आवडलं. "आता नीट ऐका. कॅन्सरच्या गोळ्यांचा भार लिव्हरवर पडतो. सुजलेल्या लिव्हरवर तो टाकता येत नाही. गोळ्या आजपासून बंद."

मी ताडकन उभी राहिले. "बंद? तुम्हीच म्हणालात ना, सोडल्या तर परत उठेल?"

"म्हणूनच घाई आहे. लिव्हर लवकर शांत झालं तर गोळ्या परत सुरू करू. फार दिवस बंद ठेवून चालणार नाही. ह्या दुसऱ्या आजारावर इंजेक्शन निघालंय, पण कॅन्सरच्या गोळ्या चालू असताना ते द्यायची माझी तयारी नाही. आधी गोळ्या पुऱ्या करायच्या. दर आठवड्याला रक्त तपासा. दारू नाही, अंगदुखीच्या गोळ्या मनानं नाहीत, झाडपाला तर अजिबात नाही. लिव्हरला त्रास होईल असं काहीही पोटात जाता कामा नये."

गोळ्या घ्याव्या तर लिव्हर जातं, न घ्याव्या तर कॅन्सर उठतो. दोन्हीकडून गाठ माझ्या पोराच्या जिवाशी. त्या दिवशी मी ठरवलं, लिव्हर मी शांत करणार. कसं करणार ते ठाऊक नव्हतं, पण करणार.

बनूबाई दुसऱ्याच दिवशी मुळी घेऊन आली. कुणा वैदूनं दिलेली, रविवारी उपाशीपोटी ताकात उगाळून घ्यायची, कावीळ झरझर उतरते म्हणे. मी तिला चहा पाजला आणि मुळी तिच्याच पदरात परत बांधली.

"अगं, गुण येतो!" ती म्हणाली.

"येत असेल, तुझ्या पाहुण्यांना. माझ्या पोराच्या लिव्हरला आता आराम पाहिजे, नवीन काम नको."

रुसली दोन दिवस. रुसू दे.

दर सोमवारी मी हिरामणला उल्हासनगरला घेऊन जायची, एका सिंधी माणसाच्या लॅबमध्ये. तो हिरामणला "साईं" म्हणायचा आणि मला "अम्मा". रिपोर्ट देताना आधी माझं तोंड बघायचा, मग सांगायचा. "अम्मा, अभी भी जास्ती है." पुढच्या सोमवारी, "थोडा नीचे आया, अम्मा. चिंता नको." मी त्याला म्हटलं, "थोडा नको, पुरा पाहिजे." तो हसला, पण मी हसण्यावारी बोलत नव्हते. एकेक आठवडा माझ्या छातीवरून चालत होता. पोराच्या गालावर जरा लाल ठिपका दिसला तरी भीती वाटायची, कॅन्सर तर उठला नाही ना.

हे असं चाललेलं असताना ताट वेगळं झालं. आता कळलं, मी का पेटले?

संध्याकाळी दिनानाथ आला. मी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"भावाचं ताट केरसुणीजवळ ठेवलंस?"

"आई, घरात लहान पोर आहे माझी. उद्या तिला कावीळ झाली तर?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, खाण्यापिण्यातून पसरत नाही."

"त्या काय म्हणाल्या आणि तुला काय कळलं, कुणाला माहीत."

असं! मी चौथी शिकलेली, म्हणून मला कळत नाही. "मग चल तू," मी म्हटलं. "तुझ्या कानांनी ऐक. आणि ऐकेपर्यंत ह्या घरात कुणाचंच ताट पडणार नाही. सगळे हातावर भाकरी घेऊन खाऊ." आणि तसंच केलं. अंजनीनं हातावर भाकरी घेतली, तिच्या लहान पोरीनंही घेतली, तिला तर मजाच वाटली. दिनानाथ उपाशी झोपला. झोपू दे.

रजा टाकून तो परळला आला. डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि सावकाश सांगितलं, "एका ताटात जेवा, एका पेल्यानं पाणी प्या, पोरीला काकाच्या मांडीवर बसू द्या. काही होत नाही. जपायचं ते रक्ताला. त्याला काही लागलं, रक्त आलं तर ते उघड्या हातानं पुसू नका. दात घासायचा ब्रश, नखं कापायचं, दाढीचं सामान, हे मात्र ज्याचं त्याचं. तुमच्याकडे वेगळंच असेल ना?"

दिनानाथचा हात हळूच आपल्या हनुवटीवर गेला. तिथं कापल्याची ताजी खूण होती.

सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं. आरशाखालची फळी. तो पितळी रेझर. एकच ब्लेड, आठवडा आठवडा चालणारं. दाढी आली म्हणून हरखलेला हिरामण, गोळ्यांनी कातडी नाजूक झालेली, रोज कुठं ना कुठं कापून घ्यायचा, तुरटी फिरवायचा. त्याचं झालं की कामावर जायची घाई असलेला दिनानाथ.

बाहेर आल्यावर मला हसू फुटलं, आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. "अरे मेल्या," मी म्हटलं, "ताट वेगळं केलंस, पेल्याला दोरा बांधलास, आणि रोज सकाळी त्याच्याच ब्लेडनं गाल कापून घेत होतास?"

"बाबांचा रेझर होता," एवढंच तो म्हणाला. पांढराफटक पडला होता. मग मला हसवेना.

त्याचं रक्त तिथंच घेतलं होतं. अंजनीचं आणि पोरीचंही नंतर घेतलं. निकाल ऐकायला मी आणि दिनानाथ गेलो. योगायोग असा, त्याच सकाळी उल्हासनगरच्या लॅबवाल्यानं हिरामणचा कागद माझ्या हातात देऊन म्हटलं होतं, "अम्मा, मुंह मीठा कराओ." लिव्हर शांत झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, परत पाहिला, आणि म्हणाल्या, "उद्यापासून गोळी सुरू. आधी अर्धी. लिव्हरनं सोसलं तर वाढवू." मला त्यांचे हात धरावेसे वाटले.

मग त्यांनी दुसरे कागद काढले. अंजनीला काही नाही. पोरीला काही नाही. दिनानाथला आहे.

"हिरामणकडूनच आला असं मी खात्रीनं म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला कधी रक्त चढवलेलं नाही, ऑपरेशन नाही. तुमचं लिव्हर आज चांगलं आहे. ते चांगलं ठेवायचं तुमच्या हातात. पगाराच्या दिवशी घेता ना थोडी? ती बंद. तपासायला येत राहा."

दिनानाथनं मान हलवली. घरी येईपर्यंत एकच वाक्य बोलला, "आई, हिराला सांगू नकोस." मी नाही सांगितलं. एका पोराला जीवदान मिळालं म्हणून हसावं की दुसऱ्याला तोच आजार लागला म्हणून ऊर बडवावा, मला समजत नव्हतं. मी गप्प भाकऱ्या थापल्या.

पण अंजनीला कळल्यावर तिला आवरेना. तिचा तरी काय दोष, नवरा आहे तिचा. आतल्या खोलीत रडता रडता बोलून गेली, "भाऊजींचं दुखणं शेवटी माझ्या कुंकवावर आलं!" भिंती कसल्या आमच्या, पत्र्याच्या. हिरामणनं ऐकलं.

सकाळी मी अर्धी गोळी आणि पाणी घेऊन उभी राहिले. किती आठवडे ह्या घटकेची वाट पाहिली होती! हिरामण उठून बसला होता. माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "नको."

"काय नको?"

"गोळी नको. बस झालं आई. मी घरात विष पसरवतोय. आज दादाला झालं, उद्या छोटीला होईल. मला जाऊ दे."

मी रागावले. मी ओरडले. बापाची शपथ घातली. डॉक्टरीणबाईंनी काय काय केलं ते ऐकवलं, लॅबच्या चकरा ऐकवल्या. मग हात जोडले. मी, भिमाबाई, जिनं आयुष्यात कुणापुढं हात पसरले नाहीत, मी पोटच्या पोरापुढं पदर पसरला. त्यानं डोळे मिटून घेतले. मी त्याचा जबडा धरून तोंड उघडायला गेले, तर त्यानं माझं मनगट अलगद बाजूला केलं. तेवढी ताकद आली होती अंगात, आणि ती अशी वापरत होता! ज्या कॅन्सरला एवढ्या लांबून रोखून धरलं, त्याला हे पोर स्वतः दार उघडून देत होतं, आणि माझं काही चालेना.

दिनानाथ मोरीतून बाहेर आला. खांद्यावर टॉवेल, दाढी वाढलेली. परळला पहिल्यांदा जाऊन आल्यापासून त्यानं दाढी केलीच नव्हती. माझ्या हातातली गोळी त्यानं घेतली आणि भावाच्या खाटेवर बसला.

"तुझ्यामुळे झालं म्हणतोस?" त्यानं विचारलं.

हिरामणनं मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"ऐक. तू ब्लेड बाहेर काढून, रेझर धुऊन, पुसून ठेवायचास. मी पाहिलंय. नवीन ब्लेडचं पाकीट पण तूच आणून ठेवलं होतंस फळीवर. मला कंटाळा यायचा, मी तुझं वापरलेलंच परत बसवायचो. तुला विचारलं होतं का कधी?"

"दादा..."

"लहानपणी तुझा पतंग घेतला, विचारलं नाही. तुझी सायकल कामाला नेली, विचारलं नाही. तुझा तो निळा शर्ट घालून मी लग्नाला मुलगी बघायला गेलो, तो तर अजून दिला नाही परत. सगळं तुझं न विचारता उचलत आलो. हेपण मीच उचललंय. तू दिलेलं नाही." त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं हात केला. "आणि तुझं ताट... ते मी ठेवलं होतं तिथं. तुझ्या वहिनीनं नाही, तू तर नाहीच. मी."

आत अंजनीचं रडणं थांबलं होतं.

"आता मला तपासायला जावं लागणार," दिनानाथ म्हणाला. "रक्त द्यायचं, कागद आणायचे, सुईची मला केवढी भीती, तुला माहीत आहे. एकटा कसा जाऊ? तू मेलास तर मला कोण घेऊन जाईल रे?"

हिरामणनं डोळे उघडले. भावाच्या वाढलेल्या दाढीकडं बघितलं. मग हात पुढं केला. गोळी तोंडात टाकली, पाणी प्याला. मी सवयीनं त्याच्या घशाकडं बघत होते. उतरली.

ग्लास माझ्याकडं देत तो म्हणाला, "उरलेली अर्धी नीट ठेव, आई. उद्या लागेल."